लहानपणची केस आणि बंदुकीचा परवाना

शस्त्र परवान्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच गोष्टीभोवती फिरतात: अठराच्या आत पोलिसांत नाव गेलं होतं, ते आता आडवं येईल का? ती पत्रं इथे एकत्र घेतली आहेत. कोणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न : २०१३ साली मी १६ वर्षांचा असताना गावच्या मारामारीत माझं नाव आलं. बाल न्याय मंडळाने समज दिली आणि वर्षभर देखरेखीखाली सोडलं. त्यानंतर एकही तक्रार नाही. आता रानडुकरं भात उभं राहू देत नाहीत, म्हणून शेती संरक्षणाची बंदूक हवी आहे. गावात सगळे म्हणतात, तुझ्यावर केस होती, तुला परवाना मिळणारच नाही. खरं काय? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : गावात म्हणतात ते खरं नाही. तुमचं प्रकरण २००० सालच्या बाल न्याय कायद्याखाली चाललं. त्या कायद्याच्या कलम १९ ने सांगून ठेवलं होतं की, ज्या मुलाचं प्रकरण या कायद्याखाली हाताळलं गेलं त्याला दुसऱ्या कुठल्याही कायद्यातली, दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागणार नाही. १५ जानेवारी २०१६ पासून २०१५ चा नवा कायदा लागू झाला. त्यात हेच संरक्षण कलम २४ मध्ये आहे, फक्त त्याला एक अपवाद जोडला गेला (तो पुढे एका उत्तरात येईल). तुमच्या वेळी तोही नव्हता.

आता शस्त्र अधिनियम, १९५९. त्याचं कलम ९ तीन प्रकारच्या माणसांना बंदूक घ्यायला आणि बाळगायला मनाई करतं. वय २१ पूर्ण नसलेले. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेले, शिक्षा संपल्यापासून ५ वर्षं. आणि शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून द्यायचा आदेश झालेले, त्या बंधपत्राची मुदत असेपर्यंत. तुम्ही तिन्हींत बसत नाही. समज आणि देखरेख म्हणजे कैद नव्हे, आणि मंडळाने विशेष गृहात ठेवलं असतं तरी ती गोष्ट तुमच्या आड आली नसती.

मग लोकांचं अडतं कुठे? कलम १४ मध्ये. अर्जदार 'कोणत्याही कारणाने' परवान्यास अयोग्य वाटला, किंवा सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी गरज वाटली, तर परवाना नाकारता येतो. आपल्याकडे बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. घटनेने एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य दिलं तेही शांततेने आणि विनाशस्त्र. त्यामुळे अधिकाऱ्याच्या हातात बरंच काही राहतं. पण आमचं मत स्पष्ट आहे: मुलाच्या वयातली जी गोष्ट संसदेने अपात्रता म्हणून पुसली, तीच 'अयोग्य' या शब्दाखाली पुन्हा उकरून काढणं कायद्याला धरून नाही. २०१९ साली केंद्रीय सुरक्षा दलातल्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र धरलं. अल्पवयातल्या आरोपांवरून त्या उमेदवाराची नेमणूक अडवणं न्यायालयाने मान्य केलं नाही.

अर्जात जोर तुमच्या गरजेवर द्या. सातबारा, नुकसानीचे वन खात्याचे पंचनामे आणि मिळालेल्या भरपाईचे कागद जोडा. शेतीसाठी कायदा मुळात ठासणीची बंदूक धरून चालतो. ती पुरत नाही हे पटवून दिलंत तर काडतुसाची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारायचा नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं. त्याला मारायला वन अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसताना बार काढलात, तर लहानपणची केस राहील बाजूला आणि आजची अंगाशी येईल.

प्रश्न : परवान्याच्या अर्जात 'आपणास दोषी ठरवण्यात आले आहे काय' असा रकाना आहे. सोबतच्या प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात 'माझ्यावर कधीही कोणताही गुन्हा नोंद झालेला नाही' असं वाक्य आहे. माझं प्रकरण मी १५ वर्षांचा असताना बाल न्याय मंडळात मिटलं. दोन्हीकडे 'नाही' लिहू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही प्रश्न सारखे नाहीत, म्हणून उत्तरही एक नाही.

नमुना अ-१ (परवान्याचा अर्ज) मधला रकाना दोषसिद्धी, बंधपत्र आणि शस्त्रबंदी यांबद्दल विचारतो. तुमचं प्रकरण मंडळासमोर मिटलं असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ च्या आधारे तिथे 'नाही' लिहिता येतं.

प्रतिज्ञापत्रातलं वाक्य त्याहून रुंद आहे. तिथे डोळे मिटून सही केलीत तर अडचण दुसऱ्या बाजूने येते. महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची देऊन मिळवलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली रद्द होऊ शकतो, आणि मग भांडण लहानपणच्या प्रकरणाचं राहत नाही, खोट्या शपथेचं होतं. नाकारलेल्या परवान्यासाठी पुन्हा अर्ज करता येतो. खोट्या प्रतिज्ञापत्राचा डाग सहज जात नाही. ते वाक्य खोडून त्या जागी काहीसं असं लिहावं: 'वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यानंतर माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही. त्यापूर्वीच्या बाबींसंबंधी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३(१४), २४ आणि ७४ मधील संरक्षण मी राखून ठेवत आहे.' यात खोटं काही नाही आणि प्रकरणाचा तपशीलही उघड होत नाही. नोटरीकडचा टंकलेखक नेहमीचा मसुदा पुढे सरकवतो. सहीआधी प्रत्येक ओळ वाचा.

प्रश्न : मुलाचं रेकॉर्ड 'आपोआप नष्ट होतं' असं ऐकलं होतं. प्रत्यक्षात चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्यातून जुन्या प्रकरणाचा उल्लेख आला. आता काय करायचं? (एक पालक, नाशिक)

उत्तर : आपोआप काही होत नाही, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. बाल न्याय कायद्याच्या कलम २४(२) प्रमाणे मंडळाने पोलिसांना, आणि बाल न्यायालयाने (मंडळ काही गंभीर प्रकरणं ज्याच्याकडे पाठवतं त्या न्यायालयाने) आपल्या कार्यालयाला, नोंदी नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत अपिलाची मुदत किंवा ७ वर्षं, त्यापुढे नोंद ठेवायची नाही, असं आहे. आदेश निघालाच नाही, किंवा निघाला आणि ठाण्यापर्यंत पोचलाच नाही, तर संगणकातली नोंद जशीच्या तशी राहते.

क्रम असा ठेवा. आधी जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे अर्ज करून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. प्रकरण क्रमांक हरवला असेल तर मुलाचं नाव, साल आणि पोलीस ठाणं यांवरून नोंदवहीत शोधता येतो. त्या आदेशात नोंदी नष्ट करण्याची ओळ आहे का ते पाहा. नसेल तर मंडळापुढेच तेवढ्यासाठी वेगळा अर्ज करा. आदेश हाती आला की ठाणे अंमलदार आणि पोलीस अधीक्षक (शहरात पोलीस आयुक्त) यांना प्रत द्या. पोच घ्या, तीवर शिक्का आणि तारीख हवी. महिनाभराने लेखी विचारा: संगणकीय नोंदीतून काढलं का?

एक जागा नेहमी सुटते. मुलाबरोबर मोठी माणसंही आरोपी असतील तर एफआयआर एकच असतो. मुलाचं प्रकरण मंडळात वेगळं चालतं, पण मोठ्यांचा खटला सत्र न्यायालयात आणि त्या कागदांत मुलाचं नाव राहून जातं. मंडळाचा आदेश तिकडे कुणी पाठवत नाही. त्या एफआयआरचा क्रमांक अर्जात मुद्दाम लिहा आणि त्या नोंदीतूनही नाव वगळावं अशी मागणी करा.

पडताळणी अहवालात जुन्या प्रकरणाचा उल्लेख करणं हे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४(२) च्या विरुद्ध आहे. चारित्र्य दाखल्यासाठी किंवा इतर कशासाठीही मुलाची नोंद पोलिसांनी उघड करायची नाही. प्रकरण चालू असो वा मिटलेलं. कलम ७४ मधली ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ही शिक्षा मात्र पोटकलम (१) मोडणाऱ्याला, म्हणजे मुलाची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला आहे. म्हणून पत्रात शिक्षेची धमकी देऊ नका. कलम नमूद करून सुधारित अहवाल मागा. बहुतेकदा चूक सवयीने झालेली असते आणि दुरुस्त होते.

परवाना नाकारलाच, तर कारणं लेखी मागा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४(३) खाली कारणं नोंदवणं बंधनकारक आहे आणि मागितल्यावर थोडक्यात द्यावी लागतात. लोकहिताचं कारण दाखवूनच ती राखून ठेवता येतात. कलम १८ खाली अपील करता येतं, आदेशापासून ३० दिवसांच्या आत. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे जायचं असतं. तोंडी 'होणार नाही' ऐकून परत फिरणाऱ्याच्या हातात अपिलाला कागदच उरत नाही.

प्रश्न : माझ्या भावावर साडेसतरा वर्षांचा असताना 'हाफ मर्डर'ची केस झाली होती. एवढ्या गंभीर गुन्ह्यात मुलाला मोठा धरतात ना? मग त्याला कलम २४ चं संरक्षण नाहीच? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : गुन्ह्याचं नाव मोठं आहे म्हणून तसं होत नाही. मोठ्याप्रमाणे खटला चालवायचा तर मुलाचं वय गुन्ह्याच्या दिवशी १६ पूर्ण हवं आणि गुन्हा 'निर्घृण' या वर्गातला हवा. निर्घृण म्हणजे ज्याला कायद्याने किमान ७ वर्षांची शिक्षा ठरवली आहे तो. खुनाच्या प्रयत्नाला, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम ३०७ ला, शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, पण किमान शिक्षा ठरवलेली नाही. असे गुन्हे निर्घृण धरता येणार नाहीत, ते 'गंभीर' वर्गात जातील, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यात लिहिलंही गेलं. दरोड्याचंही तसंच. खून, बलात्कार, प्राणघातक हत्यारासह जबरी चोरी हे मात्र निर्घृण.

आणि निर्घृण गुन्हा असला तरी मधे दोन पायऱ्या आहेत. मंडळ मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, गुन्ह्याच्या परिणामांची समज आणि परिस्थिती तपासतं, मग प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवायचं की नाही ते ठरवतं. बाल न्यायालय पुन्हा विचार करतं: मोठ्याप्रमाणे खटला, म्हणजे कलम १९(१)(एक), की त्याची गरज नाही, म्हणजे १९(१)(दोन). संरक्षण जातं ते फक्त पहिल्या वाटेने दोषी ठरल्यावर. तेव्हा अपात्रताही लागते आणि नोंदही बाल न्यायालय जपून ठेवतं. म्हणून निकालपत्र उघडून नेमकं पोटकलम वाचा. 'बाल न्यायालयात गेलं होतं' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

पहिल्या वाटेने दोषी ठरलेल्याला शस्त्र अधिनियमाची ५ वर्षं मोजावी लागतात, आणि ती सुटकेच्या तारखेपासून असं गृहीत धरू नये. कायद्याचे शब्द 'शिक्षा संपल्यापासून' असे आहेत. जामिनावर किंवा पॅरोलवर बाहेर असणं म्हणजे शिक्षा संपणं नव्हे. ५ वर्षांनंतर बंदी उठते, पण कलम १४ खालचा विचार उरतोच, आणि इथे अधिकाऱ्याने तो काटेकोरपणे करावा असंच आम्हालाही वाटतं.

भावाचा खटला चुकून मोठ्यांच्या न्यायालयात चालून निकाल लागला असेल, तरीही अल्पवयाचा दावा कुठल्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा, करता येतो. पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा असताना गणपतीच्या आधी त्याच्यावर चॅप्टर केस झाली. ही लहानपणची केस धरायची का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. १९ व्या वर्षीची गोष्ट बाल न्याय कायद्यात येत नाही. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेण्याची कारवाई, आणि तिच्यात नोटीस आणि बंधपत्र यांत फरक आहे. तहसीलदार, प्रांत किंवा सहायक आयुक्तांची 'बंधपत्र का घेऊ नये' अशी नोटीस एवढ्याने शस्त्र अधिनियमाचं कलम ९ लागत नाही. बंधपत्राचा आदेश झाला तर मुदत संपेपर्यंत बंदी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १०७ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६) खाली ही मुदत जास्तीत जास्त १ वर्ष, जुन्या ११० (आता १२९) खाली ३ वर्षं. तसंही २१ च्या आत परवाना मिळतच नाही, तेव्हा हा काळ बहुधा वाट पाहण्यातच सरेल. आदेशाची प्रत मात्र जपून ठेवा. मुदत कधी संपली हे दाखवायला दुसरा कागद नसतो.

अठराच्या आतल्या मुलावर चॅप्टर केस चालवताच येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम २२ ने ती मनाई केली आहे. झाली असेल तर ती मुळातच बेकायदा.

प्रश्न : वडील वारले. त्यांची बारा बोअरची डबल बॅरल घरात आहे. दोन भावांपैकी धाकट्याच्या नावावर करायची आहे, पण १४ व्या वर्षी चोरीच्या प्रकरणात तो दोन महिने निरीक्षणगृहात होता. (एक वाचक, कागल)

उत्तर : आधी बंदूक घराबाहेर काढा. परवाना वडिलांच्या नावाचा होता. ते गेल्यावर ती घरात ठेवणं तुमच्यापैकी कुणालाच कायदेशीर नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, काडतुसांसह. नेताना नळ्या उघडून दोन्ही रिकाम्या आहेत हे पाहा आणि जमतील तर नळ्या वेगळ्या करून न्या. जमा-पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. बंदुकीवर कोरलेला क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी अंकन् अंक ताडून पाहा. हाताने लिहिलेल्या जुन्या परवान्यात नूतनीकरणाच्या वेळी नकलताना एखादा अंक चुकलेला असतो, आणि वारसाच्या अर्जात तोच अंक महिनोन् महिने फाईल अडवतो.

धाकट्याची १४ व्या वर्षाची गोष्ट आड येत नाही. चौकशी चालू असताना निरीक्षणगृहात राहणं म्हणजे शिक्षा नाहीच. त्याने मृत्यूचा दाखला, वारसांचा तपशील, तुमचं आणि इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि नेहमीची कागदपत्रं जोडून नव्याने अर्ज करावा. वारसाला मिळतो तोही नवाच परवाना, त्यामुळे पडताळणी होणारच. कुणालाच नको असेल तर बंदूक विक्रेत्यामार्फत विकता येते.

प्रश्न : १७ वर्षांच्या पुतण्याने गावठी कट्टा हातात घेऊन रील टाकली. पोलिसांनी ताब्यात घेतलं. पुढे त्याचं काय? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : विनापरवाना बंदूक जवळ बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं शिक्षा आहे. किमान ७ नाही, म्हणजे निर्घृण नाही. प्रकरण मंडळातच राहील आणि कलम २४ चं संरक्षणही. पण त्याने तो कट्टा कुणाला विकला असा आरोप असेल तर चित्र पालटतं. विक्रीला त्याच दुरुस्तीने किमान ७ वर्षं ठरली आहेत. प्रतिबंधित बोअरचं हत्यार असलं तरी किमान ७. मग वय १६ च्या पुढे असल्याने मोठ्याप्रमाणे खटल्याची शक्यता उभी राहते. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलाने पाहायचं ते हे: कागदावर कोणतं पोटकलम आहे, आणि विक्रीचं पोटकलम लावण्याइतका पुरावा खरोखर आहे का. मित्राने मित्राच्या हातात कट्टा देणंही कायद्यातल्या 'हस्तांतर' या शब्दाखाली येऊ शकतं, तेव्हा 'विक्री झालीच नाही' एवढ्यावर विसंबू नका.

रीलमधली बंदूक वडिलांची, परवान्याची असेल तर कारणे दाखवा नोटीस वडिलांना येते. बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली, हाच तिथे मुद्दा असतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा १५ वर्षांचा असताना शाळेत चाकू नेल्याबद्दल ज्युवेनाइल कोर्टात दोषी ठरला. आता २२ चा आहे, ग्रीन कार्ड आहे, मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जातो आणि स्वतःची रायफल घ्यायची म्हणतो. इथे चालेल का? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर : अमेरिकेत दोन थर वेगवेगळे पाहावे लागतात. फेडरल (केंद्राचा) कायदा एक वर्षाहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यातल्या 'कन्व्हिक्शन'वर बंदी घालतो. ज्युवेनाइल कोर्टातलं 'ॲडज्युडिकेशन' (मुलावरचा आरोप शाबीत ठरवणं) सर्वसाधारणपणे त्यात मोजलं जात नाही. मोठ्यांच्या कोर्टात खटला चालला असता तर मोजलं गेलं असतं. पण तुमचा प्रश्न राज्याच्या थराला अडतो. न्यू जर्सीत, मोठ्याने केला असता तर 'क्राइम' ठरला असता असा, शस्त्र बेकायदा बाळगण्याचा वा वापरण्याचा गुन्हा ज्युवेनाइल म्हणून शाबीत झाला असेल, तर खरेदीचं ओळखपत्र नाकारलं जातं, आणि चाकूही शस्त्र ठरू शकतो. कॅलिफोर्नियात ठरावीक गुन्ह्यांसाठी बंदी वयाच्या ३० पर्यंत. पेनसिल्व्हेनियात काही गुन्ह्यांना ३० वर्षं वय किंवा निकालापासून १५ वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. त्यामुळे 'शेजारच्या राज्यातल्या मित्राला मिळाली' हा आधार धरू नका.

रेकॉर्ड सीलबंद आहे म्हणजे शस्त्रबंदी उठली, असंही समजू नका. तुमच्या राज्यात एक्स्पंजमेंटचा, म्हणजे नोंद पुसून घेण्याचा, रस्ता आहे. त्याचा शस्त्रबंदीवर काय परिणाम होतो ते तिथल्या शस्त्र कायद्याच्या वकिलाकडून लेखी घ्या आणि तोवर अर्ज करू नका. दुकानात बंदूक घेताना भरायचा फॉर्म ४४७३ खोटा भरणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे, आणि बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात मोठेपणी दोषी ठरलं तर ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढण्याचं ते कारण होतं. मुलाचा धाकटा भाऊ २१ च्या आत असून खरेदीला गेला तर २०२२ च्या फेडरल कायद्यामुळे त्याच्या ज्युवेनाइल नोंदींचीही चौकशी राज्याकडे होते, आणि नेहमीच्या ३ कामकाजाच्या दिवसांऐवजी १० पर्यंत थांबावं लागू शकतं. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक जवळ बाळगताच येत नाही. रेंजवर भाड्याने घेतलेली हातात धरणंही त्यात येतं.